तालमीचे कपडे

चौदा वर्षांचा एक मुलगा नखशिखान्त सोनेरी होऊन रंगमंचावर आला आणि नाटकातली रात्र संपली. हा मुलगा म्हणजे फ्रान्सचा राजा चौदावा लुई. साल १६५३, गाव पॅरिस, आणि नाचाचं नाव ‘बॅले द ला न्वी’, म्हणजे रात्रीचा बॅले. शेवटच्या प्रवेशात लुई उगवता सूर्य झाला होता. डोक्यावर किरणांचा मुकुट, छातीवर किरण, मनगटांना, गुडघ्यांना, अगदी बुटांनाही किरण. सरदारांचं बंड नुकतंच मोडून काढलं होतं आणि त्यांतलेच काही सरदार समोर बसून हा सूर्योदय पाहत होते. तो पोशाख कशासाठी होता, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

लुईच्या अंगावरचे कपडे आणि प्रेक्षकांच्या अंगावरचे कपडे यांत फारसा फरक नव्हता. रंगमंचावर जर जास्त, पिसं जास्त, दगड खरे नसून काचेचे, एवढंच. शिवणारे हातही बहुधा तेच. बॅलेचा पोशाख म्हणून वेगळं काही नव्हतंच. दरबारी पोशाख थोडा भडक केला की झाला बॅलेचा. आज उलटी स्थिती आहे. आज बॅलेचं नावही न ऐकलेली मुलगी कॉलेजला जाताना जे बिनटाचेचे, पुढून गोल, वर छोटी गाठ असलेले बूट घालते, ते नाचाच्या वर्गातून आलेले असतात. आपल्याकडच्या दुकानांत ते ‘बेली’ नावाने मिळतात. दरबारातून नाचाकडे जाणारा हा व्यवहार उलटा कधी फिरला आणि रस्त्याने नाचाकडून नेमकं काय उचललं, त्याची ही हकिगत आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रंगमंचावरचा थाट लोकांनी घेतला तो चार-दोन वर्षं मिरवण्यापुरता. अंगवळणी पडले ते तालमीचे कपडे.

सुरुवातीला व्यावसायिक रंगमंचावर बायका नव्हत्या. पॅरिसच्या ऑपेरात पगारी नर्तिका पहिल्यांदा दिसल्या त्या १६८१ मध्ये. तोवर तिथे स्त्रीपात्रंही पुरुषच करत, आणि तोंडावर मुखवटे असत. बायका आल्या त्या दरबारी पोशाख घेऊनच आल्या. देवमाशाच्या जबड्यातल्या चिवट पट्ट्या घालून आवळलेली कॉर्सेट, कड्यांवर दोन्ही बाजूंना पसरलेला जमिनीपर्यंतचा झगा, टाचेचे बूट, वर पावडर मारलेला केसांचा टोप. पुरुषांची गत बरी नव्हती. त्यांच्या कमरेभोवती ताठ, आडवा पसरणारा आखूड घागरा असे. त्याला ‘तोनले’ म्हणत. अशा कपड्यांत चालता येतं, झुकून मुजरा करता येतो, हात डौलात फिरवता येतात. पायांनी काही केलंच तर ते दिसत नाही. त्यामुळे त्या काळचा बॅले मुख्यतः हातांचा आणि जमिनीवरच्या आकृत्यांचा राहिला. नाच कसा असावा, हे शिंपी ठरवत होता म्हटलं तरी चालेल.

शिंप्याचं हे राज्य पहिल्यांदा हललं ते दोन बायकांमुळे, आणि दोघी एकमेकींच्या प्रतिस्पर्धी होत्या. मारी कामार्गो १७२६ मध्ये पॅरिस ऑपेरात आली. हवेत उडी मारून पाय झपाझप एकमेकांवर आपटायचे, ही पुरुष नर्तकांची खासियत ती करत असे. पण एवढी मेहनत झग्याखाली झाकली जाणार असेल तर उपयोग काय? तिने झगा घोट्याच्या वर घेतला आणि टाचा काढून टाकल्या. लावणीत नऊवारी घोट्यावर का नेसतात हे ज्याला माहीत आहे, त्याला कामार्गोचं गणित वेगळं सांगायला नको. पॅरिसमध्ये गहजब झाला, आणि मग तिच्या नावाने बूट आणि केशरचना खपू लागल्या. दुसरी मारी साले. तिने १७३४ मध्ये लंडनमध्ये ‘पिग्मॅलियन’ केलं ते कड्यांचा झगा न घालता, साध्या मलमली वस्त्रात आणि मोकळ्या केसांनी. पुतळा जिवंत होतो ही गोष्ट सांगायची असेल तर पुतळ्याला दरबारी झगा कसा चालेल, असा सरळ विचार. लंडनने तिला डोक्यावर घेतलं. पॅरिसच्या ऑपेराने मात्र तो पोशाख स्वीकारला नाही.

मलमलीला जगाने मान्यता दिली ती पुढच्या पिढीत. १७८३ मध्ये राणी मारी आंत्वानेतचं पांढऱ्या मलमलीच्या सैल झग्यातलं चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं आणि लोक इतके चिडले की ते उतरवावं लागलं. राणीने अंतर्वस्त्रांत चित्र काढून घेतलं, असं त्यांना वाटलं. शिवाय ही मलमल बाहेरची. त्या काळी उत्तम मलमल म्हणजे बंगालची, ढाक्याच्या परिसरातली. मग क्रांती झाली, राणीचं डोकं उडालं, आणि गंमत अशी की तीच मलमल प्रजासत्ताकाच्या बायकांचा रोजचा पोशाख झाली. उंच कमर, सरळ पडणारा झगा, पायात सपाट सपाता. नर्तिकांना हे आयतंच मिळालं. कॉर्सेट नाही, कडी नाहीत, टाच नाही. बॅलेच्या तंत्राने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जी उडी घेतली तिच्यामागे शिक्षकांइकतीच ही मलमल होती.

आता १२ मार्च १८३२. पॅरिस ऑपेरा, नवं नाटक ‘ला सिल्फीद’. एक स्कॉटिश शेतकरी आणि त्याला भुलवणारी वनदेवता. वनदेवतेच्या भूमिकेत मारी तालिओनी, नाच बसवणारा तिचा बाप फिलिप्पो. दिसायला ती सुंदर नव्हती, हात जरा जास्तच लांब होते, आणि बापाने तिच्याकडून घाम काढून तयारी करून घेतली होती. तिचा पोशाख इतका साधा की वर्णन एका ओळीत होतं: अंगासरशी चोळी, उघडे खांदे, पाठीला दोन छोटे पंख आणि नडगीच्या मध्यापर्यंत येणारा घंटेसारखा पांढरा झगा. पुढे बॅलेची नर्तिका म्हटलं की जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते इथे तयार झालं.

या पोशाखामागे दोन यंत्रांचा हात आहे आणि त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पहिलं यंत्र जाळीचं. जॉन हीथकोट या इंग्रज कारागिराने १८०८-०९ मध्ये जाळी विणणारं यंत्र काढलं. तोवर हे कापड हाताने विणलं जाई आणि त्याची किंमत दागिन्यासारखी असे. लफबरोचा त्याचा कारखाना १८१६ मध्ये यंत्रफोड्या कामगारांनी उद्ध्वस्त केला, तेव्हा तो बिऱ्हाड उचलून दक्षिणेला टिव्हर्टनला गेला. पण जाळी स्वस्त झाली ती झालीच. ट्यूल म्हणतात ते हे कापड: एक थर घ्या तर नसल्यासारखा, आठ-दहा घ्या तर ढग. दुसरं यंत्र उजेडाचं. १८२२ पासून पॅरिस ऑपेरात गॅसचे दिवे होते. त्यांची ज्योत कमी-जास्त करता येई, निळसर चांदणं पाडता येई. अशा उजेडात पांढरी जाळी स्वतःच उजळल्यासारखी दिसते. वनदेवता, भुतं, मेलेल्या नवऱ्या मुली यांची बॅलेत एकाएकी झालेली गर्दी मला तरी या दोन यंत्रांचीच करणी वाटते.

या पोशाखाची आकृती मात्र रस्त्यावरचीच होती, हे विसरू नये. उतरते खांदे, बारीक कमर, फुगीर घेर: १८३२ मधली कुठलीही श्रीमंत बाई संध्याकाळी असाच झगा घालत होती. तालिओनीने तो आखूड केला, पांढरा केला आणि वजनाने हलका केला. त्या बदललेल्या रूपात तो परत रस्त्यावर गेला. नाचाच्या समारंभांत पांढऱ्या ट्यूलचा इतका सुकाळ झाला की १८६५ मध्ये चित्रकार विंटरहाल्टरने ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथचं जे प्रसिद्ध चित्र काढलं, त्यात ती चांदीच्या चांदण्या टाकलेल्या ट्यूलच्या ढगात उभी आहे. तालिओनीच्या नावाने काय वाटेल ते विकलं जाई. इंग्लंडमध्ये पुरुषांच्या एका जाडजूड ओव्हरकोटालाही ‘तालिओनी’ म्हणत. वजनच नसल्यासारखी नाचणारी बाई आणि तिच्या नावाचा हा कोट!

तिच्या पायांत आजच्यासारखे कडक टोकाचे बूट नव्हते. साध्या साटिनच्या मऊ सपाता होत्या; त्यांच्या टोकाखाली आणि बाजूंना दोऱ्याने दाट रफू केलेला असे, तेवढाच आधार. बाकी सगळं बोटांच्या आणि घोट्यांच्या ताकदीवर. कापड, कागद आणि खळ यांचे थर देऊन टोक कडक करण्याची युक्ती शतकाच्या उत्तरार्धात इटालियन कारागिरांनी पक्की केली. मग नर्तिकांना टोकावर क्षणभर उभं राहण्याऐवजी टोकावर गिरक्या घेता येऊ लागल्या.

पांढऱ्या ढगाची एक किंमत होती. १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेबस्टरचा झगा दिव्याला लागून पेटला. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत ती जळाली आणि तीन दिवसांनी गेली. १८६१ मध्ये फिलाडेल्फियात एका नर्तिकेच्या कपड्यांना लागलेली आग विझवायला तिच्या बहिणी आणि मैत्रिणी धावल्या आणि त्यांतल्या निदान सहा जणी मेल्या. पॅरिसमध्ये उपाय ठाऊक होता. कार्तरों नावाच्या माणसाने तुरटी आणि बोरॅक्सच्या पाण्यात कापड बुडवून ते न पेटेल असं करण्याची रीत काढली होती आणि १८५९ पासून ऑपेरात ती सक्तीची होती. पण बुडवलेली जाळी ताठ होई, पिवळट पडे. एम्मा लिव्री ही तालिओनीची लाडकी शिष्या. म्हातारपणाकडे झुकलेल्या तालिओनीने तिच्यासाठी ‘ल पापियों’ हा बॅले स्वतः बसवला होता, आणि त्यातल्या फुलपाखराचे पंख ज्योतीवर जळतात. लिव्रीने ती बुडवलेली जाळी घालायला नकार दिला आणि तसं लिहून दिलं. १५ नोव्हेंबर १८६२ च्या तालमीत बसता बसता तिने झगा सावरला, वाऱ्याने गॅसची ज्योत वाढली आणि क्षणात ती पेटली. आठ महिने तिने सोसलं. तिच्या त्या पोशाखाचे जळके तुकडे पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत. ती हट्टी होती असं म्हणणं सोपं आहे. पण जिचं सगळं काम हलकं दिसण्याचं, तिला ताठ पिवळट जाळी म्हणजे कामच हिरावून घेण्यासारखं वाटलं असणार. त्याच वर्षांत साध्या घरांतल्याही कितीतरी बायका फुगीर झगे शेगडीला लागून मेल्या. त्यांची नावं कुठल्या संग्रहालयात नाहीत.

थाळीसारखा आडवा उभारणारा आखूड झगा, ज्याला सगळे टुटू म्हणतात, तो यानंतर आला आणि तोही कामाच्या गरजेतून. १८८० आणि ९० च्या दशकांत इटालियन नर्तिका सेंट पीटर्सबर्गला गेल्या. व्हर्जिनिया झुक्कीने तिथे झगा गुडघ्याच्या वर नेला. पिएरिना लेन्यानी एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेई. १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्येही तिने त्या घातल्या. पाय मांडीपासून दिसला नाही तर प्रेक्षकाला मोजता कसं येणार? म्हणून झगा आखूड झाला, आणि आखूड झाल्यावर खाली पडून नाचात येऊ नये म्हणून आडवा झाला. चड्डीवरच ट्यूलचे दहा-बारा थर एकाखाली एक शिवायचे, खालचे आखूड, वरचे लांब, मधून टाके घालून बांधायचे. हा कपडा खुंटीला सरळ टांगला तर मरतो. तो उलटा टांगतात किंवा सपाट ठेवतात. त्यात बसता येत नाही. रस्त्याने टुटू कधीच उचलला नाही, याचं कारण एवढंच.

टुटूचं प्रेम मात्र रशियन बॅलेला इतकं जडलं की तो कुठल्याही देशात आणि कुठल्याही काळात चाले. १८७७ च्या ‘ला बायादेर’ची नायिका भारतीय देवदासी, आणि तिच्या मरणानंतरच्या सावल्यांच्या प्रवेशात पांढऱ्या टुटूंची रांगच्या रांग उतरते. खऱ्या देवदासी युरोपने तोवर पाहिल्या नव्हत्या असं नाही. पुदुच्चेरीकडच्या पाच नर्तिकांचा मेळा १८३८ मध्ये पॅरिसला जाऊन नाचला होता आणि कवी-समीक्षक तेओफील गोतिए त्यांच्यावर लिहून लिहून थकला नव्हता. पण बॅलेने त्यांच्या साड्यांकडे बघून ट्यूलच आणली.

या साच्याला खरा धक्का बसला तो एका चड्डीवरून. जानेवारी १९११, सेंट पीटर्सबर्गचं मारीन्स्की नाट्यगृह. ‘जिझेल’मध्ये वात्स्लाव निजिन्स्कीने अलेक्सांद्र बन्वाने आखलेला पोशाख घातला: आखूड अंगरखा आणि खाली तंग विजार. पुरुषांनी त्या विजारीवरून आखूड चड्डी घालायची, असा शाही नाट्यगृहाचा नियम होता. निजिन्स्कीने घातली नाही. राजमाता प्रेक्षागारात होती. दुसऱ्या दिवशी त्याला माफी मागायला सांगितलं, त्याने नाही म्हटलं, आणि त्याची नोकरी गेली. नोकरी गेल्याचा फायदा सेर्गेई दियागिलेवला झाला. त्याची ‘बॅले रूस’ ही मंडळी १९०९ पासून पॅरिस गाजवत होतीच. आता त्या काळचा सर्वांत मोठा नर्तक पूर्णवेळ त्याचा झाला.

दियागिलेवकडे लेओन बाक्स्ट हा वेशभूषाकार होता. जून १९१० मधल्या ‘शेहेराझाद’साठी त्याने निळ्याला हिरवा भिडवला, नारिंगीला जांभळा, आणि नर्तिकांना कॉर्सेट काढून सैल पारदर्शी सलवारी दिल्या. पॅरिसच्या बायकांनी दुसऱ्या दिवशी शिंप्यांची दारं ठोठावली, असं म्हणायची पद्धत आहे. खरी गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. पॉल प्वारे हा शिंपी १९०६ पासूनच कॉर्सेट नसलेले झगे शिवत होता. पागोट्यांची कल्पना आपण लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातली भारतीय पागोटी पाहून घेतली, असं तो सांगे. बाक्स्टचं नाव काढलं की त्याचा पारा चढे. कोणाचं आधी, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. ‘शेहेराझाद’ने पॅरिसचे डोळे त्या रंगांना सरावले, आणि सरावलेल्या डोळ्यांना विकायला प्वारेकडे माल तयार होता. २४ जून १९११ ला त्याने आपल्या बागेत ‘एक हजार दुसरी रात्र’ नावाची मेजवानी दिली. तीनशे पाहुणे. तो स्वतः सुलतान, आणि जो पौर्वात्य वेशात आला नाही त्याला दारातच कपडे बदलायला लावले. त्याच्या सलवारी आणि दिव्याच्या टोपणासारखे ताठ अंगरखे काही वर्षं चालले. मग महायुद्ध आलं, बायका कारखान्यांत गेल्या, आणि ते सगळं पेटीत गेलं.

भारताशी बॅलेचा संबंध याच दशकांत जरा खरा झाला. रशियन नर्तिका आन्ना पाव्हलोवा १९२२ मध्ये भारतात आली. परत गेल्यावर १९२३ मध्ये तिने लंडनला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर एक बॅले सादर केला, आणि ‘राधा-कृष्ण’ व ‘हिंदू विवाह’ हे दोन नाच मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून लंडनला गेलेल्या उदय शंकर या तरुण चित्रकाराच्या मदतीने बसवले. कृष्ण तो, राधा ती. राधेला टुटू नव्हता, घागरा होता. उदय शंकर पुढे नर्तक झाले ते इथूनच.

आता फॅशन डिझायनर गाब्रिएल शानेल. २० जून १९२४, पॅरिसचं शांझेलिझे नाट्यगृह, बॅले ‘ल त्रँ ब्ल’. ही निळी गाडी म्हणजे श्रीमंतांना भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर नेणारी आरामगाडी. पडदा उघडतो तेव्हा लोक किनाऱ्यावर पोहोचले आहेत; एक टेनिसपटू, एक गोल्फवाला, काही पोहणाऱ्या मुली. कथा झाँ कॉक्तोची, नाच निजिन्स्कीची बहीण ब्रोनिस्लावा निजिन्स्काचा, दर्शनी पडदा पिकासोच्या चित्रावरून. आणि कपडे? शानेलने आपल्या दुकानात विकले जाणारे खेळाचे कपडे जवळपास जसेच्या तसे चढवले: लोकरीचे विणलेले पोहण्याचे पोशाख, स्वेटर, मऊ टोप्या. नाचायला ते सोयीचे नव्हते. ओढले जात, हातातून निसटत. उचलून घ्यायचं तर पकड बसेना. पण चौदाव्या लुईनंतर पहिल्यांदाच प्रेक्षक आणि नर्तक एकाच कपड्यांत होते, फक्त यावेळी कोणाच्याही अंगावर जर नव्हती.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा युरोपला कापडाची भूक होती. लंडनमध्ये कपड्यांना कूपनं लागत असतानाच फेब्रुवारी १९४६ मध्ये कॉव्हेंट गार्डन नाट्यगृह ‘स्लीपिंग ब्युटी’ने पुन्हा उघडलं, आणि ऑलिव्हर मेसेलचे पोशाख काटकसरीतूनच उभे राहिले. वर्षभराने, १२ फेब्रुवारी १९४७ ला, डिझायनर ख्रिस्तियान दिओरने पॅरिसमध्ये पहिला संग्रह दाखवला: उतरते खांदे, मुठीत मावेल अशी कमर, पोटरीपर्यंत येणारा कित्येक वार कापडाचा घेर. ही तालिओनीचीच आकृती. रस्त्यावरून रंगमंचावर गेलेला १८३२ चा झगा एकशे पंधरा वर्षांनी रस्त्यावर परतला. दिओरला बॅलेचं वेड होतं. त्याच वर्षी त्याने तरुण नृत्यदिग्दर्शक रोलां पेतीच्या ‘त्रेझ दांस’साठी पोशाखही आखले.

पण १९४७ मधली माझ्या मते अधिक महत्त्वाची घटना याच रोलां पेतीच्या घरात घडली. तालमीवरून दुखऱ्या पायांनी येणाऱ्या मुलासाठी त्याची आई रोझ रेपेतोने स्वतः बूट शिवायला घेतले. बूट उलटा ठेवून आतून शिवायचा आणि मग मोज्यासारखा उलटवायचा, म्हणजे टाका पायाला टोचत नाही आणि तळ वाकतो. ऑपेराजवळच्या तिच्या छोट्या जागेत नर्तक येऊ लागले. १९५६ मध्ये लहानपणी बॅले शिकलेल्या अभिनेत्री ब्रिजित बार्दोने रेपेतोकडे रस्त्यावर घालता येतील असे तसलेच बूट करून मागितले. रेपेतोने लाल चामड्याचे करून दिले, ‘सांद्रियों’ म्हणजे सिंड्रेला असं नाव ठेवलं, आणि ते आजही विकले जातात. अभिनेत्री ऑड्री हेपबर्ननेही बॅलेचं शिक्षण घेतलं होतं आणि उंच टाचांच्या त्या दशकात ती सपाट बुटांत फिरली.

अमेरिकेत हेच काम रेशनकार्डाने आधीच केलं होतं. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिथे चामड्याच्या बुटांवर नियंत्रण आलं, माणशी वर्षाला तीन जोड. नाचाच्या सपाता त्यातून वगळल्या होत्या. क्लेअर मकार्डेल ही रोजच्या वापराचे सुटसुटीत कपडे करणारी डिझायनर. तिने न्यूयॉर्कच्या कपेझिओ या नाचाचे बूट करणाऱ्या जुन्या कंपनीला सपातांना जरा दणकट तळ लावायला सांगितलं आणि आपल्या कापडांशी जुळणाऱ्या सपाता करून घेतल्या. नियमातल्या एका फटीतून तालमीचा बूट रस्त्यावर आला. युद्ध संपलं, नियंत्रण उठलं, बूट राहिला.

तालमीत अंगावर घालायच्या कपड्यांचंही असंच झालं, पण त्याला आधी रंगमंचावरून जावं लागलं. न्यूयॉर्कमधला नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बालांशिन याने ‘द फोर टेंपरामेंट्स’ १९४६ मध्ये केलं तेव्हा चित्रकार कुर्त सेलिग्मानचे पोशाख इतके अवजड होते की नाच दिसेना. १९५१ मध्ये त्याने ते सगळे काढून टाकले आणि नर्तकांना तालमीच्याच कपड्यांत उभं केलं. बायकांना काळा लिओटार्ड, पुरुषांना पांढरी बनियन आणि काळ्या टाइट्स. (लिओटार्डचं नाव झूल लेओतार या फ्रेंच कसरतपटूवरून आलंय, १८५९ मध्ये पॅरिसच्या सर्कशीत टांगत्या झुल्यावरून उड्या मारणारा तोच.) गंमत म्हणजे याच बालांशिनकडे बार्बरा कारिन्स्का होती, टुटूच्या कलेतली विसाव्या शतकातली सर्वांत मोठी कारागीर. तिने १९५० मध्ये तारेचं कडं काढून टाकलेला मऊ टुटू केला, म्हणजे ओळीतल्या नर्तिकांचे झगे एकमेकींना धडकून वर उडेनात. चोळीचं कापड तिने उरेब कापलं, जेणेकरून श्वास घेताना ते ताणलं जाईल. कारिन्स्काच्या या करामती रस्त्यावर कोणाच्या लक्षात आल्या नाहीत. काळा लिओटार्ड मात्र आला.

तो इतका पसरला याचं श्रेय रसायनशास्त्राला. त्याआधीच्या रेशमी किंवा सुती टाइट्स गुडघ्यांवर लोंबत; त्या ताणून धरायला नर्तक कमरेच्या काठात नाणं गुंडाळून वर नाडी बांधत. १९५८ मध्ये द्यूपाँ कंपनीच्या जोसेफ शिव्हर्सने ताणलं की लांबणारा आणि सोडलं की मूळ जागी येणारा धागा केला. तो ‘लायक्रा’ नावाने बाजारात आला. १९७० च्या दशकात डिस्कोत जाणाऱ्या बायका घेरदार परकरावर लिओटार्ड घालू लागल्या. १९८० चा ‘फेम’ आणि १९८३ चा ‘फ्लॅशडान्स’ या चित्रपटांनी पायमोजेही आणले: नर्तकांच्या पोटऱ्या थंड पडून स्नायू धरू नयेत म्हणून असलेले बिनतळव्याचे लोकरी मोजे, जे मग ज्यांना पोटऱ्या गरम ठेवायची काही गरज नव्हती अशा कोट्यवधी मुलींनी घातले. आज आपल्याकडे कुर्त्याखाली सर्रास दिसणारी लेगिंग याच धाग्याची.

थाटाचं काय झालं? तो अधूनमधून येऊन जातो. इव्ह सँ लोराँने १९७६ मध्ये बॅले रूसवरून संग्रह केला, जरीचे झगे, फरच्या टोप्या. वाखाणला गेला आणि कपाटात गेला. १९९८ पासून ‘सेक्स अँड द सिटी’ या मालिकेच्या सुरुवातीला नायिका ट्यूलच्या घेरात न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बसच्या चाकाखालचं पाणी अंगावर घेते. वेशभूषाकार पॅट्रिशिया फील्डला तो झगा पाच डॉलरच्या टोपलीत सापडला होता. तोही तालिओनीच्या मऊ जातीचा, आडव्या टुटूचा नव्हे.

बॅलेचा एक रंग मात्र फार उशिरापर्यंत कोणाला प्रश्नच वाटला नाही. टाइट्स आणि बूट फिकट गुलाबी, कारण पायाची रेघ कंबरेपासून टोकापर्यंत एकसंध दिसावी. ती दिसते ती गोऱ्या कातडीवर. आर्थर मिचेलने १९६९ मध्ये हार्लेममध्ये काळ्या नर्तकांची मंडळी काढली आणि १९७४ पासून तिथे प्रत्येकाच्या टाइट्स आणि बूट त्याच्या-तिच्या कातडीच्या रंगाच्या होऊ लागल्या. बाकीच्या जगात काळ्या नर्तिका प्रत्येक जोडावर चेहऱ्याचं फाउंडेशन थापत राहिल्या. नावाजलेल्या नर्तिकेचा जोड एका प्रयोगातही मोडतो, त्यामुळे हे थापणं संपतच नसे. लंडनच्या फ्रीड कंपनीने ‘बॅले ब्लॅक’ या मंडळीसोबत तपकिरी छटांचे बूट नेहमीच्या विक्रीत आणले ते २०१८ मध्ये.

गेल्या काही वर्षांत या सगळ्याला ‘बॅलेकोर’ असं नाव मिळालंय. म्यू म्यू या इटालियन घराण्याने २०२२ मध्ये साटिनच्या, पट्टीवर आपलं नाव विणलेल्या सपाता काढल्या, आणि त्यांच्या नकला जगभरच्या दुकानांत आल्या. सोबत बांधायचं आखूड स्वेटर, पायमोजे, केसांचा अंबाडा. नर्तक स्वतः तालमीला सध्या वेगळंच काहीतरी घालून येतात: प्लास्टिकच्या पिशवीसारख्या सळसळणाऱ्या नायलॉनच्या विजारी, भोकं पडलेली जुनी स्वेटशर्टं आणि पायात, बूट चढवेपर्यंत, रजईसारखे भरलेले फुगीर मोजेबूट. त्यांच्यासारख्याच फुगीर सपाता थंड देशांतल्या दुकानांत घरी आणि बाहेर घालायला म्हणून विकायला लागलेल्या आहेत.